परीक्षकाचं नाव

नगरच्या चितळे रोडवर एका छापखान्याच्या माडीवर 'पशुशोध'ची कचेरी होती. कचेरी म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, एक जुनाट संगणक आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. जनावरांच्या आजारांवरचे शोधनिबंध छापणारं हे सहामाही जर्नल एक छोटी संशोधन संस्था चालवायची, आणि डॉ. अंबिका भणगे त्याची संपादक होती. सरकारी पशुरोग प्रयोगशाळेतली नोकरी मुदतीआधीच सोडून तिने हे काम अंगावर घेतलं होतं. पगार नव्हता. काम मात्र संपता संपत नव्हतं.

मार्चमधल्या एका टळटळीत दुपारी रेश्मा दरेकर जिना चढून वर आली. अंबिकाने तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण नाव ऐकताच ओळख पटली. काष्टीच्या बाजारात येणाऱ्या गाई-बैलांच्या अंगावरच्या गोचिडांचा अभ्यास करणारी पीएचडीची विद्यार्थिनी. तिचा निबंध 'पशुशोध'ने गेल्या साली नाकारला होता.

"बस," अंबिका म्हणाली. "निबंध का नाकारला, असं विचारायला आली असशील तर..."

"तसं न्हाई मॅडम." रेश्माने पिशवीतून दोन निबंध काढले आणि टेबलावर शेजारीशेजारी मांडले. "हा माझा. अन् हा बाहेरच्या एका मोठ्या जर्नलात आत्ताच आलाय. तुमीच वाचा. मी मधी बोलत न्हाई."

अंबिका वाचू लागली. विषय तोच होता. ते तिला फारसं खटकलं नाही, एका विषयावर दोघं काम करू शकतात. मग ती कोष्टकांपाशी आली. कोणत्या तालुक्यातून आलेली जनावरं, कानात किती गोचीड, कासेवर किती, गोचीडतापाची लागण किती जनावरांना. रकान्यांचा क्रम बदललेला होता. आकडे तेच होते, दशांशापर्यंत तेच. तिने पान उलटून लेखकांची नावं पाहिली. पहिलं नाव डॉ. सुमंत चांदोरकर. त्याखाली वैजनाथ शिरसाट.

"तुमी वळखता त्यांना?" रेश्माने विचारलं.

"ओळखते."

जे खरं होतं त्याचा हा अगदी छोटा तुकडा होता. छापण्याआधी प्रत्येक निबंध त्या विषयातल्या एखाद्या जाणकाराकडे तपासायला जातो. हा परीक्षक कोण, हे लेखकाला कधीच कळू देत नाहीत. ते फक्त संपादकाला ठाऊक असतं. रेश्माचा निबंध अंबिकाने सुमंत सरांकडे पाठवला होता. त्यांनी तो आठ महिने ठेवून घेतला आणि एका ओळीचा अभिप्राय देऊन परत केला, 'यात नवीन काही नाही.' दुसऱ्या परीक्षकाने उत्तरच दिलं नव्हतं, आणि सरांचा शब्द म्हणून अंबिकाने पुढे कोणाला विचारलं नव्हतं.

"माझे गाईड म्हनतात, सोडून दे," रेश्मा सांगत होती. "मोठा मानूस हाय, उद्या तुझ्या तोंडी परीक्षेला तेच आले तर काय करशील? पन मॅडम, दीड वर्ष मी दर बाजाराला जात हुते. वडील जनावर धरायचे अन् मी चिमट्यानं गोचीड काढून बाटलीत टाकायची. एका बैलानं मांडीवर लाथ घातली, महिनाभर लंगडले. व्यापारी हसायचे, पोरीला येड लागलंय म्हनायचे. ते सगळं असंच जाऊ द्यायचं?"

"जाऊ द्यायचं नाही," अंबिका म्हणाली. "लेखी तक्रार कर. निकाल काय लागेल त्याचं वचन मी देत नाही. चौकशी नीट होईल, एवढं सांगते."

रेश्मा गेल्यावर अंबिका बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. खाली छापखान्याचं यंत्र धडधडत होतं. सुमंत सरांनी तिला सूक्ष्मदर्शकातून पाहायला शिकवलं होतं. तिच्या वडिलांच्या माघारी आई शिक्षण बंद करायला निघाली, तेव्हा सर घरी येऊन तासभर आईची समजूत घालत बसले होते. या खुर्चीसाठी तिचं नाव सुचवलं तेही त्यांनीच. आता एक गोष्ट अगदी स्पष्ट होती. रेश्माला चोरीचा संशय होता, पण निबंध सरांच्या हाती गेला कसा, हे तिला कधीच कळणार नव्हतं. ते जाणणारी एकटी अंबिका होती. ती गप्प बसली, तर प्रकरण तिथेच संपत होतं.

तिने संगणक चालू केला आणि पत्र लिहायला घेतलं. मायना घातला, 'आदरणीय डॉ. चांदोरकर.' दोन्ही निबंधांतलं साम्य मांडलं, मूळ नोंदी मागितल्या आणि पंधरा दिवसांत खुलासा करावा, असं कळवलं.

दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन आला.

"अंबू, हे काय? चांदोरकर काय? सर म्हणायची लाज वाटायला लागली?"

"पत्र संपादकाचं आहे, सर. उत्तरही लेखीच हवं."

"अगं, काष्टीच्या बाजारात कोणीही जाऊ शकतं. गोचीड काय त्या पोरीच्या मालकीचे आहेत?"

"गोचीड नाहीत. आकडे आहेत."

मग सरांचा आवाज बदलला, वर्गात असायचा तसा झाला. "आमच्या नोंदी तिच्या आधीच्या आहेत. दोन हजार बावीस, सप्टेंबर ते डिसेंबर. वैजनाथने गोळा केल्या. लिहून पाठवतो, मग तर झालं?"

त्यांनी खरोखरच तसं लिहून पाठवलं. मूळ नोंदी मात्र 'संगणक बिघडल्याने उपलब्ध नाहीत.'

अंबिकाने ते पत्र वाचलं आणि सप्टेंबर ते डिसेंबर या शब्दांवर ती थबकली. त्या साली ती अजून प्रयोगशाळेत होती. लंपीची साथ होती. गावोगावच्या गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठत होत्या, नमुन्यांच्या पेट्या येऊन पडत होत्या, जेवायला उसंत नव्हती. आणि जनावरांचे बाजार सरकारी आदेशाने बंद होते. त्या महिन्यांत काष्टीच्या बाजारात गाय किंवा बैल उभाच नव्हता, तर गोचीड मोजले कोणाचे? तिने आदेशाची प्रत मागवली, बाजार समितीकडून बंदच्या तारखांची खात्री करून घेतली आणि दोन्ही कागद फाईलला लावले. तरीही ती थांबली. दुसऱ्या लेखकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं.

वैजनाथ शिरसाट पाथर्डी तालुक्यात एका कॉलेजात सरांच्या शिफारशीने, तासांच्या हिशोबाने शिकवायचा आणि तिसगावला राहायचा. अंबिका एसटीने गेली. घर पेठेच्या मागे होतं, पत्र्याचं, पण स्वच्छ सारवलेलं. वैजनाथने तिला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं की ती का आली ते त्याने ओळखलंय. त्याच्या बायकोने, निकिताने, चहा आणून ठेवला आणि ती आत न जाता दाराला टेकून उभी राहिली.

"काष्टीला कधी गेला होतास?" अंबिकाने विचारलं.

"एकदा. मामेभावाच्या लग्नाला."

"बाजारात?"

वैजनाथ कपाकडे बघत राहिला. "सरांनी माझं नाव टाकलं, मॅडम. मुलाखतीला उपयोगी पडंल म्हणाले. छापून आल्यावर पहिल्यांदा वाचला मी तो."

"हे लिहून देशील?"

"सरांच्या शब्दावर माझे तास हायेत. हाय ते बी जाईल."

"सरांचा फोन आल्यापासून ह्यांना तीन रात्री झोप न्हाई," निकिता एकदम म्हणाली. "मी म्हनते सांगून टाका. पन घर बी चालवायचं असतं ना मॅडम? तुमीच सांगा, काय करावं मानसानं?"

अंबिकाने कप खाली ठेवला. "मी तुला भीती घालायला आले नाही, वैजनाथ. आज काही लिहू नकोस. पण मी त्या जर्नलला कळवणार आहे, आणि ते तुलाही विचारतील. तेव्हा काय सांगायचं ते आत्तापासून दोघं मिळून ठरवा. अचानक पत्र आलं की माणूस चुकीचं लिहून बसतो."

परतीच्या एसटीत तिला वैजनाथचा राग आला नाही. सरांचा आला, या प्रकरणात पहिल्यांदाच. पोराला काही द्यायचं म्हणून नाव दिलं आणि वेळ आली तशी जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर ठेवून दिली.

एप्रिलमध्ये संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक झाली. सचिव अनीश धर्माधिकारी हा तसा सरळ माणूस होता, पण सुमंत सरांच्या पंचाहत्तरीचा सगळा घाट त्यानेच घातला होता. 'पशुशोध'चा गौरव अंक निघायचा होता, सभागृह ठरलं होतं, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती.

"ताई, तुम्ही म्हणता ते खरं धरून चालू," अनीश म्हणाला. "पण माणूस पंचाहत्तरीचा आहे. आयुष्यभर काम केलंय. कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग शांतपणे बघू. त्या मुलीचा निबंध आपण पुढच्या अंकात छापून टाकू. तिचंही समाधान होईल."

"गप्प बसण्याच्या बदल्यात छापायचा?"

"असं कोण म्हणतंय?"

"अर्थ तोच आहे. निबंध तपासून छापायचा असतो, अनीश. कोणाचं तोंड बंद करायला नाही." अंबिकाचा आवाज चढला नव्हता. "आपण परीक्षकाचं नाव झाकतो ते कशासाठी? त्याने कोणाची भीड न धरता खरं सांगावं म्हणून. त्याआड बसून त्याने लेखकाचं घर धुवून न्यावं म्हणून नाही. मी त्या जर्नलच्या संपादकाला पत्र लिहिणार आहे. त्यांचा निबंध छापण्याआधी रेश्माचं हस्तलिखित डॉ. चांदोरकरांकडे परीक्षणाला होतं, हे त्यात असेल."

"आणि आम्ही सगळ्यांनी थांबा म्हटलं तर?"

"तर तुम्ही दुसरा संपादक नेमा. माझं शेवटचं संपादकीय मात्र मी लिहीन, आणि का सोडलं ते त्यात असेल."

मग शेवगावचे जनावरांचे डॉक्टर ओंकार फाटके, जे एरवी बैठकीत फक्त सही करण्यापुरते असायचे, त्यांनी घसा साफ केला.

"ताई, माझे दोन निबंध परत आले होते. मागे, तुमच्या आधी. ते पण सरांकडेच गेले होते का?"

सगळे अंबिकाकडे पाहू लागले. जुन्या फायली तिच्याच ताब्यात होत्या, आणि एक शब्द उच्चारला असता तर बैठक तिथेच तिच्या बाजूने फिरली असती.

"ते मी असं सांगू शकत नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "तुमची काही तक्रार असेल तर लेखी द्या. मी तपासेन आणि जे निघेल ते कळवेन."

फाटके मान हलवून म्हणाले, "मग पत्र जाऊ द्या. माझी संमती लिहून घ्या." त्यांच्यामागून आणखी दोघांनी हात वर केले. अनीशने कपाळ चोळलं आणि गौरव अंक तूर्त स्थगित, अशी नोंद केली.

पत्र पाठवण्याआधी अंबिका सरांच्या घरी गेली. तसा नियम नव्हता. पण त्यांच्या पाठीमागे काही करायचं नाही, एवढं तिने स्वतःशी ठरवलं होतं.

सर व्हरांड्यात बसले होते, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. तिने बाजारबंदीच्या आदेशाची प्रत समोर ठेवली. त्यांनी ती वाचली, तारीख पाहिली, पुन्हा वाचली.

"लंपी," ते स्वतःशीच म्हणाले. "हे डोक्यातच आलं नाही."

"तुम्ही बाजारात गेला असता तर आलं असतं."

सर उसळले. "मला शिकवतेस? तुझ्या पहिल्या निबंधातली निम्मी वाक्यं माझी आहेत!"

"आहेत. आणि निबंधाच्या शेवटी तुमचे आभार मानलेत मी. त्या मुलीचे आभार कुठे आहेत, सर?"

अंगणात कोणीतरी नळ सुरू केला, बादली भरत आली तसा आवाज बदलला, नळ बंद झाला. मग सर बोलू लागले, आणि त्यांचा तो वर्गातला आवाज नाहीसा झाला होता.

"तिचा निबंध वाचला आणि वाटलं, हे मी करायला हवं होतं. अख्खा जन्म गोचीडतापावर काढला आणि बाजार ही जागा मला सुचली नाही. गुडघे गेले तेव्हापासून मी कुठे गेलो नाही, कोणी काही विचारायलाही येत नाही. ती लहान आहे, अंबू. तिला अजून पन्नास लिहिता येतील. मला एकच हवा होता."

अंबिकाने आदेशाची प्रत परत उचलली. "तुम्ही तिला नुसतं कळवलं असतंत, मला तुझ्याबरोबर काम करायचंय, तर ती पायी चालत आली असती तुमच्याकडे. तुम्ही तिला नवीन काही नाही असं कळवलंत." ती उठली. "उद्या दुपारी माझं पत्र जाईल. त्याआधी तुम्ही स्वतः निबंध मागे घेतलात तर मला फार बरं वाटेल. तुमचं पत्र लिहायला मी आत्ता बसते, म्हणाल तर."

सरांनी मान दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने वाट पाहिली, एकदा फोनही केला. उचलला गेला नाही. मग तिने पत्र पाठवलं.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. जुने दोन परीक्षक काम सोडून गेले. नातेवाइकाच्या मुंजीत एका बाईंनी तिच्याकडे पाहून पाठ फिरवली. सरांची पंचाहत्तरी दुसऱ्याच कोणी साजरी केली, आणि अंबिकाला निमंत्रण नव्हतं. त्या मोठ्या जर्नलने दोन्ही बाजूंकडून मूळ नोंदी मागवल्या. रेश्माने बाटल्यांचे फोटो, बाजारातल्या नोंदी, सगळं पाठवलं. सरांकडून काहीच गेलं नाही. वैजनाथला पत्र गेलं तेव्हा त्याने दोन वाक्यांत उत्तर दिलं, की आपण काष्टीच्या बाजारात कधी काम केलेलं नाही आणि निबंध आपण लिहिलेला नाही. दिवाळीच्या सुमारास त्या जर्नलने निबंध मागे घेतल्याचं जाहीर केलं, कारणासह. पुढच्या सत्रात वैजनाथला तास मिळाले नाहीत. अंबिकाने त्याच्यासाठी तीन ठिकाणी शब्द टाकला. शेवगावला एका दूध संकलन केंद्रात त्याला तपासनीसाची जागा मिळाली. शिकवण्याची मिळाली नाही, आणि ते तिला टोचत राहिलं.

'पशुशोध'चे नियम तिने बदलले. दोन परीक्षकांशिवाय निर्णय नाही. ठरल्या मुदतीत उत्तर नाही, तर निबंध दुसऱ्याकडे. रेश्माचा निबंध तिने पुन्हा विचारात घेतला आणि जिल्ह्याबाहेरच्या दोघांकडे धाडला. दोघांचेही अभिप्राय आले, लांबलचक. रेश्मा ते घेऊन तरातरा जिना चढून आली.

"मॅडम, हे काय? पावसाळ्याची तुलना कच्ची हाय म्हनं! पुन्हा बाजारात जायचं? एवढं सगळं होऊन?"

"हो."

"मला वाटलं, आता तरी..."

"चोरीला गेला म्हणून निबंध पक्का होत नाही, रेश्मा. तुझी पावसाळ्यातली जनावरं खरंच कमी आहेत. मी मोजून पाहिलीत."

रेश्मा रागाने लाल झाली. मग कागद उलटेपालटे करत खाली बसली, पंख्याखाली बराच वेळ वाचत राहिली आणि शेवटी पुटपुटली, "कमी हायेत खरी." ती जायला उठली तेव्हा तिचे वडील कानिफनाथ जिन्यापाशी थांबलेले होते. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "चल मग. पाऊस सुरू व्हायच्या आत बाटल्या धुवून ठिवू."

निबंध छापला तो पुढच्या वर्षी. त्याच अंकात अंबिकाने संपादकीय टीप लिहिली. हस्तलिखिताच्या गोपनीयतेचा भंग झाला, दुसरा अभिप्राय न घेता निर्णय दिला ही संपादक अंबिका भणगे यांची चूक होती, लेखिकेची माफी मागितली आहे. टीप वाचून अनीश म्हणाला, "स्वतःचं नाव तरी गाळायचं." तिने गाळलं नाही.

रेश्माला पदवी मिळाली त्याच सुमारास शेळ्यांमधल्या गोचीडतापावरचा एक नवा निबंध 'पशुशोध'कडे आला. लेखक सोलापूरकडचा कोणीतरी अनोळखी तरुण. अंबिकाने परीक्षक म्हणून रेश्माचं नाव टाकलं आणि गोषवाऱ्यासह निबंध तिला पाठवला.

संध्याकाळी फोन वाजला.

"मॅडम, हा निबंध मला नका देऊ," रेश्मा म्हणाली. "शेळ्यांच्या बाजारात हेच करायचं माझ्या डोक्यात हाय, पुढच्या महिन्यात सुरू करनार हुते. पूर्ण निबंध मी उघडलेला न्हाई. गोषवाऱ्यावरच थांबले."

"बरं केलंस."

"अन् मॅडम, त्या मुलाला... म्हंजे निबंधाचा निकाल लागल्यावर, त्याला विचाराल का? एकत्र काम करायला आवडंल का म्हनून. त्याचं नाव पहिलं राहू द्या."

"निकाल लागल्यावर विचारीन," अंबिका म्हणाली. "आधी नाही."

फोन ठेवून तिने यादीतून दुसरा परीक्षक शोधला, आणि त्याच्याबरोबर तिसराही.